बाराजणींची भुकटी

माझ्या भाचीचं डॉक्टरेटचं काम मी बुडवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको. बुडवलं तेही चांगल्या मनाने, शिस्तीत, मोजूनमापून, रोज सकाळी सव्वासातला.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम आहे. तळघरात आमचं राज्य. खोलीएवढी धुलाईची यंत्रं, चादरी सुकवून सपाट करणारा लांबलचक गरम रूळ आणि त्याच्या तोंडाशी घड्या घालणाऱ्या बायका. एक चादर दोघींनी धरायची, झटकायची, पुढे यायचं, टोकाला टोक जुळवायचं, मागे जायचं. दिवसाला दीड-दोन हजार चादरी. या कामात एकटीने काही होत नाही, त्यामुळे आमच्या सवयीही तशाच झाल्या आहेत. माझ्या आधीच्या मुकादमबाईंपासून इथे एक नियम चालत आलाय. खायची म्हणून जी वस्तू दारातून आत येते, ती एकटीची राहत नाही. पत्र्याचा एक मोठा डबा आहे, त्यात सगळं पडतं आणि बाराजणींत सारखे बारा वाटे होतात. मग ती सफरचंदं असोत, बिस्किटं असोत की खोकल्याच्या गोळ्या. एकदा इस्त्रीवालीला तिच्या जावयाने भारी चॉकलेट दिलं होतं, एवढंसं. तिने त्याचे बारा तुकडे केले आणि घरी जाऊन जावयाला सांगितलं की छान असावं, चव काही कळली नाही.

ही इस्त्रीवाली म्हणजे आडव्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. मनात आलं की तोंडातून गेलंच म्हणून समजा. आणि माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारी ती काडी. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकींकडे चालत येतोय आणि मागे जातोय, तेवढा चेहरा मी माझ्या नवऱ्याचाही पाहिलेला नाही. काडी पहिल्यापासून किडकिडीत, त्यात मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने महिनाभर अंथरुणाला खिळली. परत आली ती पायांतलं त्राण घालवून. तळघरातून वर जायला अठरा पायऱ्या आहेत. ती दोनदा थांबायची आणि थांबली की चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करायची. आम्हीही पट्ट्याकडेच बघायचो.

आता भाची. माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही सात वर्षांची होती. शाळा सुटली की थेट तळघरात यायची, टॉवेलांच्या ढिगावर बसून गृहपाठ करायची आणि बाराच्या ऐवजी तेरा वाटे व्हायचे. लाँड्रीतल्या सगळ्याच तिच्या मावश्या. पुढे पोरीने अभ्यासाचा असा धडाका लावला, की त्याच हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर स्नायूंवर संशोधन करायला बसली. आमच्या बाया तिला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणायच्या. ती म्हणायची, अजून नाही. आणि खरंच, अजून नव्हती. चार वर्षं झाली होती, एक प्रयोग यंत्र बिघडल्याने वाया गेला होता आणि तिच्या सरांनी सांगितलं होतं की हा शेवटचा. हा झाला तर पदवी, आणि दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरी. त्यांचं पत्रही आलं होतं. अमुक तारखेला पदवी घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

तिचा विषय तिने आम्हाला चहाच्या सुट्टीत समजावला. क्रिएटिन नावाची एक पांढरी भुकटी असते, व्यायामशाळेत जाणारी पोरं खातात. स्नायूला जोर लावायच्या क्षणी जी झटपट ताकद लागते, ती त्यातून मिळते. दहा वेळा वजन उचलणारा मग अकरा-बारा वेळा उचलतो. इथवर ठीक. पण खुद्द स्नायू ज्या प्रथिनांचा बनलेला असतो, त्या प्रथिनांचं ती भुकटी काय करते, यावर लोकांचं अजून एकमत नाही. त्यातून आमच्यासारख्या पन्नाशी-साठीच्या बायकांवर कुणी फारसं तपासून पाहिलेलं नाही.

इस्त्रीवालीने विचारलं, म्हणजे नेमकं काय होतं ते आमच्या भाषेत सांग. पोरीने इकडे तिकडे पाहिलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. म्हणाली, हॉस्पिटलच्या चादरींसारखंच. रोज काही फाटतात, त्या बाद होतात. रोज काही नव्या शिवून येतात. शिवणं जास्त झालं तर कपाट भरतं, फाटणं जास्त झालं तर रिकामं होतं. वय वाढलं की शिवणं मंदावतं. व्यायामाने ते वाढतं. भुकटीने शिवणं वाढतं, की फाटणं कमी होतं, की दोन्ही काही न होता चादरी नुसत्या पाण्याने फुगून कपाट भरल्यासारखं दिसतं, हे मला शोधायचंय.

मला तर त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, की मी बाराहीजणींची नावं तिथल्या तिथे दिली. माझंही.

मग सुरू झालं आमचं शास्त्र. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीच्या खोलीत पायांनी वजन ढकलायचं. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात मांडीत सुई घालून दाण्याएवढा तुकडा काढून घ्यायचा, त्यावरून शिवणं कळतं. फाटणं मोजायला लघवी. स्नायूतली प्रथिनं मोडली की एक पदार्थ लघवीत उतरतो, म्हणजे फाटक्या चादरींच्या चिंध्या मोजण्यासारखं. पण मटण-मासे खाल्ले तर त्यांच्याही चिंध्या त्यात येतात, म्हणून आधी तीन दिवस ते बंद आणि मग चोवीस तासांची एकूणएक लघवी कॅनमध्ये. इस्त्रीवाली तो कॅन शालीत गुंडाळून बसने घेऊन आली. एका सज्जन माणसाने उठून तिला जागा दिली आणि बाळाला किती महिने झाले म्हणून विचारलं. ती म्हणाली, चोवीस तास.

आणि भुकटी. भाचीने खोकं उघडलं, त्यात बाराजणींच्या नंबर घातलेल्या पुड्या, प्रत्येकीच्या आठवड्याच्या सात. तिने सांगितलं की सहाजणींच्या पुड्यांत क्रिएटिन आहे, सहाजणींच्या पुड्यांत मक्यापासून केलेलं निरुपद्रवी पीठ. दिसायला, चवीला सारखंच. कुणाला काय, हे औषधविभागातल्या एका माणसाखेरीज कुणाला ठाऊक नाही, तिलाही नाही. रिकाम्या पुड्या दर सोमवारी परत द्यायच्या.

ती वर गेली. मग इस्त्रीवाली म्हणाली की याचा अर्थ आपल्यातल्या सहाजणी बारा आठवडे वजनं ढकलणार, मांडीचा लचका देणार आणि वर पीठ खाणार. कुणीतरी म्हणालं, पोरीने सांगितलं ना, तसंच असतं. इस्त्रीवाली म्हणाली, असेल, पण मग ते कुणाला.

सगळ्यांची नजर काडीकडे गेली. काडी आपल्या सात पुड्या हातात धरून बसली होती. ती काही मागणारी बाई नव्हे. पण त्या पुड्या तिने अशा धरल्या होत्या, की मला बघवेना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. हिच्या पुड्यांत पीठ निघालं तर? माझ्यासारखी धडधाकट बाई भुकटी खाऊन फुगणार आणि ही अठरा पायऱ्यांवर चपलेचा पट्टा बांधत बसणार? माझं डोकं तापलं. अन्याय दिसला की माझं डोकं तापतं आणि तापलेल्या डोक्याने मी फार नीटनेटकं काम करते.

"डबा काढा," मी म्हणाले.

चौऱ्याऐंशी पुड्या आम्ही कात्रीने कापल्या. सगळी भुकटी डब्यात ओतली, लाकडी चमच्याने दहा मिनिटं ढवळली आणि धुलाईच्या पावडरीचं एक नवंकोरं माप घेऊन त्यावर खूण केली. रोज सकाळी सव्वासातला बाराजणी रांगेत, प्रत्येकीला खुणेपर्यंत, वर ग्लासभर पाणी. रिकाम्या पुड्या नंबरवार लावून, रबरबँड घालून सोमवारी वर. सह्या केलेल्या कागदावर नवव्या कलमात लिहिलं होतं की आपली पुडी दुसऱ्या कुणाला देऊ नये. मी ते वाचलं होतं. ते घरच्यांना देऊ नका म्हणून लिहिलंय, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. आणि पोरीला सांगायचं काय त्यात? कुणाला काय मिळतंय हे तिला नाहीतरी ठाऊक नव्हतंच.

बारा आठवडे बहारीचे गेले. एकही पुडी चुकली नाही, एकही व्यायाम चुकला नाही. भाचीचे सर म्हणे सगळ्यांना सांगत सुटले की असे सहभागी त्यांच्या हयातीत मिळाले नव्हते. ते ऐकून मी घरी दोन दिवस मान ताठ करून चालत होते, नवरा म्हणाला लचकली का. सहाव्या आठवड्यात काडी अठरा पायऱ्या एकदाच थांबून चढली. नवव्या आठवड्यात थांबलीच नाही. वर पोचली आणि सवयीने वाकून पट्ट्याला हात लावला, मग तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एकमेकींच्या पाठी थोपटल्या आणि मी मनात म्हटलं, बघा, न्यायाने वागलं की असं होतं.

तेरावा आठवडा संपला, त्या रविवारी सकाळी भाची माझ्याकडे आली. मी स्वयंपाकघरात बरण्या पुसत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, औषधविभागाची यादी उघडली, निकाल लागला. चेहरा पडलेला नव्हता, पण फुललेलाही नव्हता. मी विचारलं काय झालं. म्हणाली, सगळ्यांची ताकद वाढली, सगळ्यांच्या मांड्या भरल्या, शिवणं वाढलं. पण भुकटीवाल्या सहाजणी आणि पीठवाल्या सहाजणी यांत काही फरकच नाही, अगदी तंतोतंत सारख्या. म्हणजे जे काही झालं ते व्यायामाने. भुकटीने काहीच केलं नाही, असं आता लिहायचं. सर म्हणतात, हाही निकालच आहे, पदवीला चालतो. पंधरा दिवसांत प्रबंध दे आणि नोकरीवर जा.

हातातलं फडकं हातातच राहिलं. शाळेत मी गणितात कच्ची होते, पण दोन सारख्या वाट्यांत एकाच पातेल्यातलं वाढलं तर फरक कसा पडेल, एवढं मलाही कळतं. तरी मी विचारलं की निम्मीच भुकटी घेतली तर काय होतं. ती म्हणाली, निम्म्यानेही महिन्याभरात स्नायू जवळजवळ भरतो, का गं? मी म्हटलं, सहज.

मग ती म्हणाली की फक्त एक गोष्ट बसत नाही. पीठवाल्या सहाजणींच्याही लघवीत क्रिएटिन सापडलंय, भरपूर. सर म्हणतात, त्या बायकांनी तीन दिवस पाळले नसणार, चोरून मटण खाल्लं असणार. तशी एक ओळ तळटीपेत टाक म्हणाले. "मला नाही तसं वाटत," ती म्हणाली, "पण दुसरं काही सुचतही नाही."

ती गेली. मी बरण्या परत परत पुसल्या. मला खरंच वाटलं होतं की मी न्याय करतेय आणि ज्या पोरीला मी टॉवेलांच्या ढिगावर वाढवलं, तिच्याच चार वर्षांवर मी रोज सव्वासातला माप मारत होते. आणि वाईटात वाईट म्हणजे मी गप्प राहिले तर सगळं छान होणार होतं. पदवी, नोकरी, दारावर नावाची पाटी. आणि जगात एक खोटं वाक्य वाढणार होतं, खाली तिची सही असलेलं.

सोमवारी मी बायांना सांगितलं. इस्त्रीवालीचं म्हणणं पडलं की तोंड शिवून बसायचं, पोरीचं भलं होतंय ना. बऱ्याचजणींना ते पटलं आणि खरं सांगते, मलाही. मग मी तळटीपेचं सांगितलं. चोरून मटण खाल्लं, असं छापून येणार म्हटल्यावर एकेकीचे चेहरे बदलले. इस्त्रीवालीने त्या तीन दिवसांत नातीच्या वाढदिवसाला उकडलेले बटाटे खाल्ले होते. ती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

काडी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "ती उद्या दुसऱ्या गावी जाऊन लोकांना सांगणार की म्हाताऱ्या बायकांना ही भुकटी देऊ नका, काही उपयोग नाही," ती म्हणाली. "तिथेही माझ्यासारखी एखादी असेल की."

मंगळवारी दुपारी मी एकटीच वर जायला निघाले. लिफ्टपाशी पोचते तर काडी मागे. काडीच्या मागे इस्त्रीवाली. तिच्या मागे सगळ्या, अंगावर कामाचे डगले तसेच. लिफ्टमध्ये आठजणी मावतात. चौघी म्हणाल्या आम्ही जिन्याने येतो. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तेव्हा त्या चौघी समोर उभ्या होत्या आणि त्यांत काडी होती.

भाची प्रयोगशाळेत कपबशी विसळत होती. बाराजणी एकदम बघून ती हसली. मी सगळं सांगितलं, डब्यापासून मापापर्यंत, एका दमात. ती विसळतच राहिली, ती एकच बशी. मग नळ बंद केला आणि वही उघडली.

"कुठल्या दिवसापासून?" तिने विचारलं.

"पहिल्याच."

"रोज सगळ्यांनी? ढवळायचात? किती वेळ? माप किती ग्रॅमचं?"

मी एकेक उत्तर दिलं. तिने लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिचं अक्षर मोठं व्हायला लागलं, मग ते वाकडं झालं, मग तिने वहीवर डोकं टेकलं. ती ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने काढला नाही, पण पाठ दगडासारखी होती. बाकीच्या अकराजणी भिंतीला लागून उभ्या होत्या, शाळेत उशिरा आलेल्या मुलींसारख्या. थोड्या वेळाने ती म्हणाली, जा तुम्ही, मशीनं बंद असतील. आम्ही जिन्याने खाली आलो, बाराहीजणी.

तिने त्याच दिवशी सरांना सांगितलं. सरांनी आमच्याबद्दल जे शब्द वापरले ते तिने मला कधी सांगितले नाहीत. प्रबंध तिथेच थांबला. नोकरीच्या लोकांना तिने पत्र लिहिलं, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, जागा दुसऱ्या कुणाला गेली. ती माझ्याकडे येत होती, बोलत होती, पण महिनाभर तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मीही तेच केलं. शेवटी एक दिवस तिनेच विचारलं की मावशी, तेव्हा तू मला आधी विचारलं का नाहीस. मी म्हटलं, कारण तू नाही म्हणाली असतीस. ती म्हणाली, हे निदान खरं आहे, आणि खूप दिवसांनी माझ्या हातचा चहा पूर्ण प्यायली.

सहा महिने थांबून तिने प्रयोग पुन्हा लावला. भुकटी अंगातून महिन्या-दीड महिन्यात उतरते, पण व्यायामाने कमावलेलं उतरायला वेळ लागतो, म्हणून थांबायचं. खरं तर सुरुवातीला ती दुसरे लोक शोधणार होती, म्हणजे थांबावं लागलं नसतं. सर तर म्हणाले होते की त्या तळघरातल्या बायका पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर नकोत. आम्ही बाराजणींनी लेखी अर्ज दिला की आम्हालाच घ्या. आमच्या मांड्यांत पुन्हा सुया घाला, पुन्हा कॅन द्या. सरांनी तो अर्ज चार दिवस टेबलावर ठेवला, मग हो म्हणाले.

पुन्हा एकदा बारा आठवडे. पण या वेळी सव्वासातला प्रत्येकीने आपापली पुडी फाडून आपापल्या पेल्यात ओतायची. सोपं वाटतं ना? एकोणीस वर्षं मी काडीशिवाय त्या तळघरात खोकल्याची गोळीही खाल्लेली नाही. आम्ही एकमेकींकडे पाठ करून प्यायचो. इस्त्रीवाली सगळ्यांत कडक निघाली. एकदा काडीचा पेला सांडला, तेव्हा मी नुसता हात पुढे केला तर तिने तो चापट मारून मागे ढकलला आणि काडीला वर पाठवलं, पोरीला सांगून नोंद करायला.

यादी उघडली. मी पीठवाली निघाले. काडीही पीठवाली. इस्त्रीवालीला भुकटी मिळाली होती आणि तेव्हापासून तिला धरून ठेवणं अवघड झालंय. निकालाबद्दल भाची फार जपून बोलते, म्हणते बाराजणींवरून जगाचं सांगता येत नाही. भुकटीवाल्यांनी थोडं जास्त वजन ढकललं, त्यांच्या मांड्या थोड्या जास्त भरल्या, त्यातलं काही पाणीही असेल. फाटणं मात्र दोन्हीकडे सारखंच. शिवणं दोन्हीकडे वाढलं. घड्या घालताना चादरीचं टोक माझ्या हातात देत काडी म्हणाली, "म्हणजे या वेळचे जिने मीच चढले म्हणायचे."

प्रबंधाची शेवटची तोंडी परीक्षा दुपारी होती, सगळ्यांना खुली. आम्ही जेवणाची सुट्टी लावून मागच्या रांगेत बसलो, डगल्यांसकट. बाहेरून परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या, पांढरे केस, चष्मा नाकाच्या टोकावर. प्रबंध परत पाठवण्याबद्दल त्यांची ख्याती होती असं मला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं. तासभर त्यांनी पोरीला आकड्यांवरून उलटंसुलटं केलं. ती उत्तरं देत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज घट्ट होता एवढं कळत होतं.

मग त्या बाईंनी पानं मिटली. म्हणाल्या, हे सगळे सहभागी एकाच खात्यात काम करतात, त्यांची प्रमुख तुमची मावशी आहे आणि पहिल्या वेळी त्यांनी पुड्या एकत्र केल्या, हे तुम्हीच लिहिलंय. मग या वेळी प्रत्येकीने आपलीच घेतली हे कशावरून? रिकाम्या पुड्यांवरून?

"पुड्यांवर माझा विश्वास नाही, मॅडम," भाची म्हणाली. "पहिल्या वेळी एकूणएक पुडी परत आली होती."

या वेळी प्रयोगात तीनदा एकेका दिवसाची लघवी घेतली होती, त्या तपासात दोन्ही गट स्पष्ट वेगळे दिसतात, असं तिने दाखवलं. बाई म्हणाल्या, तपास तीन दिवसांचा. प्रयोग चौऱ्याऐंशी दिवसांचा. मधे कधी एखाद्या दिवशी एकीने दुसरीला निम्मी दिली तर ते यात दिसेल का? भाची म्हणाली, नाही दिसणार. सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. माझ्या शेजारी इस्त्रीवाली काही बोलायला तोंड उघडत होती, काडीने तिचा दंड धरला.

"मग उरलेल्या एक्क्याऐंशी दिवसांचा तुमच्याकडे पुरावा काय?"

भाचीने मागे वळून पाहिलं नाही. समोर बघत, सावकाश, आकडे सांगावेत तशा आवाजात ती म्हणाली, "त्यांनी मला सांगितलंय, एवढाच. गेल्या वर्षी मला पदवी मिळत होती, नोकरी मिळत होती. कुणी काही विचारलं नव्हतं, कुणाला कधी कळलंही नसतं. तेव्हा या बाराजणी चौथ्या मजल्यावर येऊन मला सांगून गेल्या की तुझा निकाल खोटा आहे. त्यामुळे त्या आता घेतली म्हणतात, तर ते मी मोजमाप म्हणून लिहिलंय. माझ्याकडचं ते सगळ्यांत भरवशाचं मोजमाप आहे."

परीक्षकबाईंनी चष्मा काढला, मागच्या रांगेकडे एकदा नीट पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, पुढचा प्रश्न. तो प्रश्न काय होता आणि त्यानंतर आणखी किती विचारले, हे मला सांगता येणार नाही, कारण मी रडत होते.